इंदूरच्या काळ्या मातीत कळलावी

श्रावणात इंदूरहून सिमरोळ-चोरलमार्गे ओंकारेश्वराला निघालेल्या माणसाने घाटाच्या वळणांवर खिडकीबाहेर थोडे लक्ष ठेवले, तर झुडपांच्या डोक्यावर लाल-पिवळ्या रंगाची, पाकळ्या वर फेकलेली फुले त्याला बहुधा दिसतील. वेल शोधू गेल्यास ती सहज सापडत नाही, कारण तिचा बारीक देठ झुडपाच्या पोटातून वर आलेला असतो आणि फुले तेवढी उन्हात येतात. ही कळलावी. आपल्याकडची ही रानलिली घरच्या अंगणात लावता येते का, असे मला अनेक जण विचारतात. लावता येते, आणि इंदूरचे हवामान तिला चांगले मानवते. अडचण असते ती इंदूरच्या मातीची, आणि त्याहून अधिक आपल्या हातातल्या पाण्याच्या झारीची.

मराठीत हिला कळलावी, अग्निशिखा, खड्यानाग, वाघनखी अशी नावे आहेत, हिंदीत ती कलिहारी आणि संस्कृतात लांगली. लांगल म्हणजे नांगर. हिचा कंद नांगरासारखा वाकडा, दोन फाट्यांचा असतो आणि त्यावरून हे नाव पडले. लिनियसने 1753 मध्ये तिला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ हे शास्त्रीय नाव दिले. पूर्वी तिची गणना लिलीच्या कुळात होत असे. आता वनस्पतिशास्त्रज्ञ तिला कोल्चिकेसी या शेजारच्या कुळात ठेवतात. बागेत काम करणाऱ्याला या कुळबदलाने काही फरक पडत नाही, कारण तिचा स्वभाव लिलीचाच आहे: कंदातून उगवायचे, काही महिने वैभवात राहायचे आणि मग सगळा पसारा आवरून जमिनीखाली झोपी जायचे. तमिळनाडूचे हे राज्यपुष्प आहे आणि झिंबाब्वेचे राष्ट्रीय पुष्पही तेच. कोकणात हिच्या फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणतात. आमच्याकडे माळव्यातल्या मराठी घरांत भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, नेमक्या त्याच सुमारास ही वेल पूर्ण बहरात असते, हे मला या झाडाचे सर्वांत मोठे आकर्षण वाटते.

‘कळलावी’ या नावाकडे मात्र जरा थांबून पाहावे लागेल. कळ लावणे म्हणजे दोघांत भांडण लावणे हा अर्थ आपण रोज वापरतो, पण इथली कळ प्रसूतीची आहे. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून हिच्या कंदाचा लेप लावण्याची जुनी चाल होती आणि त्यावरून हे नाव आले. ही चाल धोक्याची आहे. आयुर्वेदाने लांगलीला उपविषांत गणले आहे. तिच्यात कोल्चिसिन नावाचे विषारी द्रव्य असते. तेच शुद्ध करून, अगदी मोजक्या मात्रेत, गाउट या सांध्यांच्या आजारावर औषध म्हणून वापरतात, आणि त्यासाठीच तमिळनाडूत हिची शेती होते. कंद आणि बिया सर्वांत विषारी, परंतु पाने, देठ आणि फुलेही निर्धोक नाहीत.

लागवडीची कृती सांगण्यापूर्वी एक प्रसंग सांगणे मला आवश्यक वाटते. चार-पाच वर्षांपूर्वी मी हिवाळ्यात काढलेले कंद सुपात घालून मागच्या ओट्यावर, सावलीत ठेवले होते. महाशिवरात्रीच्या सकाळी सासूबाई त्यातले दोन कंद हातात घेऊन स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, “अगं, ही रताळी एवढी किडकिडीत कुठून आणलीस? दोन माणसांच्या उपवासालाही पुरायची नाहीत.” त्यांनी विचारले म्हणून निभावले. सोललेला कंद आतून पांढरा आणि पिठूळ दिसतो, आणि एकदा चिरून कढईत पडल्यावर तो कोणालाही ओळखू आला नसता. त्या दिवसापासून माझ्याकडे कळलावीचा कंद स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडेसुद्धा येत नाही. तो झाकणाच्या मडक्यात, अंगणातल्या खोलीच्या वरच्या फळीवर राहतो आणि मडक्यावर तेलरंगाने ‘विष’ असे मराठीत व हिंदीत लिहिलेले असते.

घरात रांगते मूल, सगळे तोंडात घालणारे कुत्र्याचे पिल्लू किंवा मोकाट चरणारी शेळी असेल, तर ही वेल काही वर्षे लावूच नये. लावली तर कंद हाताळताना रबरी हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. चुकून कोणाच्या पोटात काही गेल्यास घरगुती उपाय करत बसू नये. कोल्चिसिनचा परिणाम दिसू लागायला काही तास लागतात. तोवर माणूस ठणठणीत दिसतो आणि मग उलट्या-जुलाब सुरू होतात. म्हणून लक्षणांची वाट न पाहता, झाडाचा तुकडा बरोबर घेऊन, तडक रुग्णालय गाठावे. हिची फुले देवघरात ठेवायला हरकत नाही, परंतु नैवेद्याच्या पानाजवळ किंवा पंचामृतात पाकळी पडेल अशी ती ठेवू नयेत.

कंद आणावा कुठून? रानातून उपटून आणू नये, हे पहिले उत्तर. औषधासाठी वर्षानुवर्षे खणून नेल्यामुळे अनेक ठिकाणी ती विरळ झाली आहे, आणि खणताना कंद मोडतोच, म्हणजे रानातलेही गेले आणि घरीही उगवले नाही. रोपवाटिकांतून किंवा ज्यांच्या बागेत ती रुळली आहे अशा ओळखीच्या माणसांकडून, ती झोपलेली असताना, म्हणजे फेब्रुवारी ते मे या काळात कंद घ्यावा. बाजारात ‘रॉथशिल्डियाना’ या नावाने मिळणारी वेल दिसायला भरदार असते, पण तो आफ्रिकेकडचा बागायती प्रकार आहे. त्याच्या पाकळ्या रुंद आणि कमी चुण्यांच्या असतात, तर आपल्या रानातलीच्या पाकळ्या अरुंद आणि कडांना दाट चुण्या पडलेल्या. मला आपलीच अधिक देखणी वाटते.

कंद घेताना एकच गोष्ट बारकाईने पाहायची आहे. बटाट्याला जसे अंगभर डोळे असतात तसे हिच्या कंदाला नसतात. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या दिसणाऱ्या कंदाच्या प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो, आणि तो मोडला की तो फाटा कितीही जाड असला तरी मातीत नुसता पडून राहतो आणि शेवटी कुजतो. टोक बोटाने हलकेच चाचपावे. तिथे लहानसा फुगवटा लागला पाहिजे आणि त्याच्याभोवती काळपट मऊपणा नसावा. मी पहिल्या वर्षी एका दुकानातून टपालाने सहा कंद मागवले होते, त्यांतल्या तिघांची टोके वाटेतच मोडलेली होती. तक्रार केल्यावर ‘माती लावा, फुटेल’ असे उत्तर आले. ते फुटले नाहीत. पन्नास ग्रॅमच्या आसपास वजनाचा कंद पहिल्याच पावसाळ्यात फुलतो. करंगळीएवढा असेल तर पहिले वर्ष तो केवळ पाने काढून स्वतःला पोसतो.

उरलेल्या तीन कंदांचे काय झाले, हे सांगताना मातीचा विषय निघतोच. लोकमान्यनगरातल्या आमच्या अंगणात, कुंपणाच्या कडेला, अस्सल माळव्याची काळी माती आहे. तिच्यात मी ते कंद लावले, जूनच्या अखेरीस कोंब आले, मला आनंद झाला आणि जुलैत आठ-दहा दिवसांची झड लागली. झड संपल्यावर वेली पिवळ्या पडून कोसळल्या. खणून पाहिले तेव्हा कंद उकडलेल्या रताळ्यासारखा बोटांत पिचला आणि त्याला आंबूस वास येत होता.

काळी माती गहू-हरभऱ्याला का मानवते आणि कळलावीला का मानवत नाही, हे समजून घेतले तर पुढचे सगळे काम सोपे होते. या मातीचे कण अतिशय बारीक असतात, ते पाणी शोषून फुगतात आणि शोषलेले पाणी लवकर सोडत नाहीत. रब्बीचे पीक त्या धरून ठेवलेल्या ओलाव्यावरच वाढते. कळलावी मात्र घाटाच्या उतारावर, दगड-मुरुमात, झाडांच्या गळलेल्या पानांच्या कुजलेल्या थरात वाढणारी आहे. तिथे पाऊस कितीही कोसळला तरी पाणी कंदाला भिजवून खाली निघून जाते. शिवाय उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि त्या भेगांच्या ओढाताणीत झोपलेल्या कंदाची नाजूक टोके मोडतात. म्हणजे पावसाळ्यात कुजणे आणि उन्हाळ्यात मोडणे, अशी दोन्हीकडून पंचाईत.

आपल्या अंगणात काय स्थिती आहे हे तपासण्यासाठी फूटभर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा खणावा, तो एकदा पाण्याने भरून जिरू द्यावा आणि पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी तीन-चार तासांत जिरले नाही, तर त्या जागी कळलावी जमिनीत लावू नये. माझ्या खड्ड्यात संध्याकाळी भरलेले पाणी सकाळी चिमण्या पीत होत्या.

यावर बहुतेक जण काळ्या मातीत टोपलीभर रेती मिसळतात. त्याचा उपयोग होत नाही. चिकण मातीत थोडी रेती घातली की वाळल्यावर तिची वीट होते. माती सुधारण्याच्या भानगडीत न पडता तिच्यावर चढून बसावे, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे. जमिनीवर विटांचे चार-पाच थर, मध्ये सिमेंट न घालता, नुसते रचून फूट-सव्वा फूट उंचीचा वाफा करावा. तळाशी विटांचे तुकडे आणि जाड मुरूम चार बोटे पसरावा. त्यावर मिश्रण भरावे: दोन भाग बारीक मुरूम किंवा इथे ‘पिली मिट्टी’ म्हणून मिळते ती माती, एक भाग बांधकामाची जाड, धुतलेली रेती आणि एक भाग पूर्ण कुजलेले खत. मूठभर मिश्रण ओले करून दाबले आणि मूठ उघडली, तर गोळा बोटाच्या टिचकीने फुटला पाहिजे. फुटला नाही तर रेती वाढवावी.

खत पूर्ण कुजलेले हवे यावर मी हट्टाने जोर देते, कारण अर्धकच्च्या शेणात कंद लावणे म्हणजे कुजायला आमंत्रण देणे आहे. या बाबतीत इंदूरकरांनी बाहेर पाहण्याची गरज नाही. 1924 मध्ये इथे सुरू झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी, यशवंत वाड यांच्या सहकार्याने, पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन व ठरावीक काळाने ढीग उलटून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची जी पद्धत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. घरच्या ओल्या कचऱ्याच्या ड्रमातही हेच तत्त्व चालते. तयार खताला पावसाळी रानाचा वास येतो. शेणाचा किंवा भाजीच्या सालांचा वास येत असेल, तर ते आणखी महिनाभर ठेवावे.

वाफ्याला जागा नसेल तर कुंडी चालते, किंबहुना सदनिकेत राहणाऱ्यांना कुंडीच सोयीची. ती चौदा इंची, खोल आणि शक्यतो मातीची असावी. नवे कंद जुन्या कंदाच्या खालच्या अंगाला वाढतात, त्यामुळे उथळ कुंडीत ते तळाला टेकून वेडेवाकडे होतात. कुंडीखाली बशी ठेवू नये, तर दोन विटा ठेवाव्यात.

जागा निवडताना रानातली वेल आठवावी. तिचा बुंधा झुडपाच्या सावलीत असतो आणि शेंडा झुडपावरून उन्हात येतो. पूर्वेची भिंत, जिथे दुपारी एकपर्यंत ऊन मिळते, ही उत्तम जागा. एखाद्या जुन्या मेंदीच्या किंवा जास्वंदीच्या पायथ्याशी उंच वाफा जमवता आला, तर सावली आणि आधार दोन्ही एकाच झाडाकडून मिळतात.

लावणीची वेळ मृग नक्षत्र लागण्याच्या आठवडाभर आधी किंवा नंतर, म्हणजे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. इंदुरात मोसमी पाऊस साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात स्थिरावतो. तोवर कंद जमिनीत बसलेला असावा. कंद उभा खोचायचा नाही. सहा ते आठ सेंटिमीटर खोल खड्ड्यात तो आडवा, दोन्ही फाटे जमिनीला समांतर राहतील असा ठेवावा आणि टोकांभोवती थोडी नुसती रेती घालून मग माती ओढावी. दोन कंदांत एक फूट अंतर ठेवावे. आधाराची काठी याच वेळी रोवावी, कारण नंतर रोवलेली काठी कुठे उतरते आणि कशाच्या आरपार जाते हे आपल्याला दिसत नाही. कंद ठेवला ती जागा काडीने खूण करून ठेवावी.

आता झारी. लावल्यावर एकदा, माती ओलसर होईल इतपत पाणी द्यावे आणि मग कोंब दिसेपर्यंत हात आवरावा. कोंब यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. या काळात रोज पाणी घालणे आणि ‘आला का, आला का’ म्हणून माती उकरणे या दोन्ही गोष्टींनी मी कंद घालवले आहेत. पाऊस सुरू झाला की पाणी आकाशाकडे सोपवावे. पावसाने आठवडाभर ओढ दिली आणि माती बोटभर खोलीपर्यंत कोरडी लागली, तरच पाणी द्यावे.

कोंब वर येतो तेव्हा तो जाडसर, चकचकीत हिरवा आणि विलक्षण ठिसूळ असतो. त्याला हात लावून काठीकडे वळवण्याचा मोह होतो. शेंडा मोडला, तर त्या फाट्याचा त्या वर्षीचा खेळ बहुतेक संपतो, कारण तिथे दुसरा डोळा नाही. वाऱ्याने तो आडवा होत असेल, तर सुतळीचा सैल फासा घालावा, घट्ट गाठ मारू नये.

आधाराविषयी बहुतेकांची चूक होते आणि ती चूक वेल न पाहता वेल लावल्याने होते. कळलावीला कारल्या-दोडक्यासारखे स्वतंत्र ताणे नसतात. खालची पाने साधी असतात. वेल हातभर वाढली की पुढच्या पानांची टोके लांबून बारीक होतात आणि गोगलगायीच्या शंखासारखी वळतात. प्रत्येक पान हाच एक हात. पण तो हात लहान आहे. त्याला पेन्सिलीपेक्षा जाड काही धरता येत नाही. त्यामुळे आपण मोठ्या हौसेने बांबूचा मांडव उभारला, तर वेल त्याच्याशी नुसती घासत राहते आणि पहिल्या वाऱ्यात खाली येते. तुराट्या किंवा पऱ्हाटी, म्हणजे तुरीच्या आणि कपाशीच्या वाळलेल्या काटक्या, त्यांच्या फांद्यांसकट रोवल्यास तिला त्या फार आवडतात. त्या मिळाल्या नाहीत, तर भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून बारीक तारेची जाळी लावावी किंवा वरपासून खालपर्यंत सुतळ्या ओढाव्यात. उंची सहा ते सात फूट पुरे. पानाचे टोक सुतळीला लागले की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याने वेढा घातलेला दिसतो.

खताचे फारसे लाड नकोत. वेल दोन फूट झाल्यावर एकदा आणि कळ्या दिसू लागल्यावर एकदा ओंजळभर गांडूळखत व चमचाभर लाकडाची राख बुंध्यापासून वीतभर अंतरावर पसरावी. युरिया घालू नये, पानेच माजतात.

जुलैअखेरीस पानांच्या बेचक्यांतून लांब देठांवर हिरव्या कळ्या खाली माना घालून लटकू लागतात. कळी उघडते तेव्हा फूल आधी हिरवट असते. मग सहाही पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात, त्यांच्या कडा पापडाच्या काठासारख्या चुणतात, बुडाशी पिवळा रंग चढतो आणि टोकांकडून लाल उतरू लागतो. पिवळ्याचे नारिंगी, नारिंगीचे लाल, असे होत आठवडाभरात सगळे फूल गडद लाल होते. एका वेलीवर एकाच वेळी हिरवी, पिवळी आणि लाल फुले असतात, त्यामुळे पाहुण्यांना ती दोन-तीन जातींची वाटतात. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरलेले असतात. फुलाखाली वाकून पाहावे: मधला स्त्रीकेसर सरळ खाली न येता बुडाशीच काटकोनात वळून एका बाजूला गेलेला असतो. स्वतःचाच पराग स्वतःला सहजी लागू नये अशी ही रचना आहे, आणि फुलपाखरे व शिंजीर त्यातून वाट काढतात. महालक्ष्म्यांसाठी फुले हवी असल्यास देठ कात्रीने कापावा. वेल ओढून तोडू नये.

पाने खाऊन फक्त शिरा ठेवणारी एक अळी पावसाळ्यात हमखास येते. काळ्या अंगावर पांढरे व नारिंगी-लाल ठिपके असलेली ही अळी इतकी रंगीत असते की प्रथम तिचे कौतुकच वाटते. हिचा पतंग लिलीच्या जातींवरच अंडी घालतो आणि अंगणात रेन लिली असेल, तर आधी तिथे पाहावे. अळ्या घोळक्याने असतात, तेव्हाच चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. पानामागे अंडी किंवा बारीक पिल्ले जास्त दिसली, तर लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारावी. पानांवर तपकिरी डाग पडून करपा दिसल्यास ती पाने कापून जाळावीत आणि वेलींची गर्दी मोकळी करावी. दाटीत करपा झपाट्याने पसरतो.

दसरा-दिवाळीच्या मध्ये वेल पिवळी पडू लागते. नवख्या माणसाची खरी परीक्षा इथे होते. पिवळे पान दिसले की आपला हात आपोआप झारीकडे जातो, आणि मीही दुसऱ्या वर्षी, कुंडीत वाचलेल्या एकुलत्या एका कंदाला, ‘माती कोरडी दिसते’ म्हणून डिसेंबरभर पाणी घालून मारले. वेल मरत नसते. पानांतले सगळे सत्त्व ती खाली नव्या कंदांत उतरवत असते. म्हणून पाणी थांबवावे, परंतु वेल हिरवट असताना कापू नये. देठ पूर्ण वाळून, हलके ओढताच सुटून येईल तेव्हाच काढावा. बी धरायचे नसेल तर शेंगा मात्र आधीच, कोवळ्या असताना खुडाव्यात, म्हणजे कंद अधिक पोसतो.

उंच वाफ्यातला कंद जागीच राहू दिला तरी चालतो. इंदूरच्या थंडीने त्याला काही होत नाही. भीती असते ती पौष-माघातल्या मावठ्याची आणि शेजारच्या गुलाबाला घातलेल्या पाण्याची. म्हणून वाफ्यावर तिरपा पत्रा टाकावा आणि या वाफ्यात दुसरे काही लावू नये. कुंडी असेल तर ती सज्जाखाली, आडवी करून ठेवली की घरातला कोणी हौशी माणूस तिच्यात पाणी घालत नाही.

दोन-तीन वर्षांनी दाटी झाल्यावर डिसेंबरात कंद काढावेत. खुरपे बुंध्यापासून वीतभर लांब घालून सगळा ढेकूळ उचलावा आणि माती हाताने झटकावी. जुना कंद सुकून कागदासारखा झालेला असतो आणि त्याच्या जागी नवा दोन फाट्यांचा कंद आलेला असतो. फाटे जिथे जोडलेले असतात तिथे ते वेगळे करता येतात, फक्त प्रत्येकाचे टोक शाबूत हवे. ते धुवू नयेत. चार दिवस सावलीत सुकवून, कोरड्या रेतीत थर देऊन, मडक्यात ठेवावेत. मडक्यावर काय लिहायचे ते वर सांगितले आहेच. कोणाला कंद द्यायचा झाल्यास तो कागदात गुंडाळून, त्यावर तोच शब्द लिहून द्यावा. पिशवीत भाजीबरोबर घालून देऊ नये.

ज्यांना घाई नाही त्यांनी बियांपासूनही रोपे करून पाहावीत. त्यासाठी एका वेलीच्या फुलाचा पराग दुसऱ्या वेलीच्या फुलातल्या वाकड्या स्त्रीकेसराच्या टोकावर मऊ कुंचल्याने लावावा. शेंग वाळून उकलते तेव्हा आत नारिंगी-लाल, वाटाण्याहून लहान बिया ओळीने बसलेल्या दिसतात, आणि मुलांना त्या मण्यांसारख्या वाटतात, म्हणून शेंग उकलण्याआधीच तिच्यावर कापडी पिशवी बांधावी. बी पुढच्या जूनमध्ये रेतीमिश्रित मातीत बोटाच्या एका पेराएवढे खोल पेरावे. उगवायला एक ते तीन महिने लागतात, काही बिया त्याहूनही रेंगाळतात, आणि पहिल्या वर्षी तळाशी हरभऱ्याएवढाच कंद तयार होतो. फूल साधारणपणे तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात येते. माझ्याकडच्या अशा रोपांचा हा तिसरा पावसाळा असून, एका वेलीच्या पानाचे टोक परवा प्रथमच वळलेले दिसले.